फळं घालून केलेलं डुकराचं रोस्ट दरवेळी पाण्यात उकडल्यासारखं का होतं? (ओटीजीवर, म्हणजे घरातल्या विजेच्या छोट्या ओव्हनवर करणाऱ्यांसाठी)

नाताळ जवळ आला की आपल्या बेळगावात कॅम्पातनं, टिळकवाडीतनं, खानापूरकडनं सगळीकडनं एकच प्रश्न येतो. शोल्डरचा, म्हणजे खांद्याचा, चांगला तुकडा आणला, रोझमेरी थाईम असले वासाचे हर्ब्स लावले, बाजूनं पेरू, अननस, सफरचंद मांडलं, व्हिडिओत दाखवलं अगदी तसंच केलं, तरी दीड तासानं बघितलं तर ट्रेमध्ये पाणीच पाणी, फळांचा गाळ, मटणाला रंग म्हणून नाही. मग घाबरून तापमान वाढवलं की वरनं करपतंय, आणि कापल्यावर आत चोथा. पुढच्या वर्षी मटणवाला बदलतात, मसाला बदलतात, काही लोक ओटीजीच नवीन घेतात आणि तरी तेच होतंय.

मला विचाराल तर ह्यातल्या बहुतेक केसमध्ये मटणाचा दोष नसतो. फळ आणि मटण एकाच वेळेला आत जातंय, गडबड तिथं होते. मटणाला लागतात दोन अडीच तास, फळाला पुरतो अर्धा तास. बाकीच्या अडचणी पण आहेत आणि त्या पुढं सांगते, पण हे एवढं एक बदललं तरी बऱ्याच जणांचं काम होऊन जाईल.

आता पाण्याचा हिशोब बघा. पेरूत शंभर भागातले 80 च्या वर भाग पाणी असतं, सफरचंद आणि अननसात 85 च्या आसपास. म्हणजे अर्धा किलो फळं कापून ट्रेमध्ये टाकली की जवळजवळ चारशे ग्रॅम पाणी आपणच आत नेऊन ठेवलं, वर मटणाचं स्वतःचं पाणी सुटतं ते वेगळं. आणि पाणी ट्रेमध्ये आहे तोवर ते 100 डिग्रीच्या वर जात नाही, मटणाला खरपूस तपकिरी रंग यायला मात्र वरचा थर 140 च्या आसपास तरी जायला लागतो. तुम्ही नॉब 200 वर ठेवा नाहीतर 250 वर, पाण्याला टेकलेला भाग उकडणारच. त्यात घरातला ओटीजी म्हणजे लहानसं खोकं, वाफ बाहेर जायला वाव कमी, त्यामुळं वरचा भागसुद्धा ओलाच राहतो.

गेल्या नाताळात शेजारच्या वहिनींनी बोलावलं म्हणून बघायला गेले, तर केकचा खोल चौकोनी डबा घेतलेला, मटण तळाला बसलेलं, चारी बाजूनं पेरूच्या फोडी गच्च भरलेल्या. फोडींच्या साली सुटून पाण्यावर आलेल्या, गर विरघळून पाण्याला दाटपणा आलेला, आणि मटणाची पाण्यातली बाजू राखाडी, वरची बाजू ओटीजीच्या तापणाऱ्या रॉडला इतकी जवळ की रोझमेरीच्या काड्या काळ्या होऊन कडू वास सुटलेला. एकाच तुकड्याला खालनं उकड आणि वरनं करप. आम्ही तिथल्या तिथं मटण बाहेर काढलं, पाणी आणि फळं पातेल्यात ओतून गॅसवर आटवायला ठेवली, मटण जाळीवर चढवून जाळी एकदम खालच्या खाचेत सरकवली, वर सैल फॉइल टाकली. तासाभरात ते मटण पानात वाढण्यासारखं झालं. पेरूचं जे आटलं त्यात दोन आमसुलं आणि मिरी घातली, ती चटणी तर पोरांनी पावाला लावून संपवली. सांगायचा मुद्दा असा की अर्ध्यावर लक्षात आलं तरी सुधारता येतं, फक्त पाणी आधी बाहेर काढायचं, तापमान वाढवत बसायचं नाही.

आता दुसरी गोष्ट, ती व्हिडिओत कोण सांगत नाही. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, खेड्यात तर जास्तच, पंपाची लाईन सुरू झाली की ट्यूब मिणमिणते हे सगळ्यांना माहीत आहे. पण ओटीजीवर त्याचा परिणाम किती होतो हे ध्यानात येत नाही. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे 230 चं 190 झालं तर वाटतं थोडंच उतरलं, पण 1600 वॅटचा ओटीजी साधारण 1100 वॅटच देतो. जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. त्यात भर म्हणून आत दोन किलो थंड मटण आणि फळांचं पाणी. मग अडीच तासाचं काम चार तासात पण होत नाही, नॉब 180 दाखवतोय आणि आत खरं असतंय 130.

हे ओळखायचं कसं, तर काचेतनं रॉडकडं लक्ष ठेवा. ठरवलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, लालपणा जातो, थोड्या वेळानं परत लाल होतात. वीस पंचवीस मिनिटं प्रीहीट करून, म्हणजे रिकामाच तापवून सुद्धा रॉड एकदाही विझले नाहीत तर समजायचं की आत ते तापमान आलेलंच नाही. असं असेल तर रोस्ट सकाळी लवकर करा, पहाटे लाईट चांगली असते, आणि जेवायच्या आधी वीस मिनिटं परत गरम करायचं. ओटीजी मोठ्या पिनच्या 16 अँपिअर सॉकेटलाच लावायचा, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. फ्रिजच्या छोट्या स्टॅबिलायझरवर तर अजिबात लावू नका, तो एवढा लोड घेत नाही, जळून जाईल, आणि इन्व्हर्टरवर पण नको. ओटीजीच्या आत टांगायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो एकदा घेऊन बघा, कारण व्होल्टेज नीट असलं तरी नॉबच्या आकड्यात आणि आतल्या खऱ्या तापमानात वीस तीस डिग्रीचा फरक सर्रास असतो. ज्यांची लाईट फारच वाईट आहे त्यांनी सरळ ओळखीच्या बेकरीवाल्याला विचारावं, पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी बराच वेळ गरम राहते आणि शोल्डरला तसली मंद उतरती आच फार मानवते.

मटण घेताना काय सांगायचं ते पण बोलूया. आपल्याकडं मटणवाल्याचा हात रस्सा-सुक्क्याला बसलेला, आपण बोलेपर्यंत तुकडे पडलेले असतात. म्हणून आधीच सांगायचं, अख्खा तुकडा पाहिजे, खांद्याचा, दीड दोन किलोचा, कापू नका. मांडी पण चालते पण तिच्यात चरबी कमी म्हणून ती लवकर कोरडी पडते, पाठीचा भाग तर त्याहून नाजूक. पहिल्यांदा करणाऱ्यानं खांदाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, तो चुका पोटात घालतो, पंधरा मिनिटं जास्त झाली तरी बिघडत नाही. गावठी डुक्कर असेल तर मटणाला चव छान पण कातडी जाड आणि मांस घट्ट, त्याला वेळ जास्त धरा.

आणि घेतानाच कापलेली बाजू नीट उजेडात बघा. मांसात साबुदाण्याएवढे ते वाटाण्याएवढे पांढरट, पाण्यानं भरल्यासारखे दाणे दिसले तर ते मटण घ्यायचंच नाही, कितीही स्वस्त देऊ दे. ती फीतकृमीची पिल्लं असतात, मोकळ्या फिरणाऱ्या डुकरात होतात. तसलं मटण कच्चं राहून पोटात गेलं तर माणसाच्या आतड्यात कृमी होतो, आणि त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातानं, पाण्यानं, भाजीनं कुणाच्या पोटात गेली तर त्यातनं निघालेली पिल्लं मेंदूपर्यंत जाऊन फिट्स येऊ शकतात. म्हणून फार्मचं, भरवशाच्या ठिकाणचं घेतलेलं बरं, आणि शिजवण्यात तर तडजोड नकोच.

शिजलं का नाही हे रंगावरनं ठरवू नका. मटणाचा थर्मामीटर घ्या, टोचायचा मिळतो, फार महाग नसतो. टोक सगळ्यात जाड भागाच्या मधोमध गेलं पाहिजे, हाडाला टेकता कामा नये. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2011 साली अख्ख्या तुकड्यासाठी 71 वरनं 63 डिग्री आणि वर तीन मिनिटं विश्रांती असा नियम केला, तिकडचे व्हिडिओ त्याच्यावर चालतात, म्हणून त्यात मटण आत गुलाबी दिसतं. आपल्याकडं कुठलं डुक्कर कुठं फिरून आलंय ह्याची खात्री नसते त्यामुळं मी मांडी किंवा पाठीचा तुकडा 71 च्या खाली काढत नाही. खांद्याला तर तसंही 71 वर काही होत नाही, तेव्हा तो चिवटच लागतो. त्यातले चिवट धागे विरघळून लुसलुशीत व्हायला 85 ते 92 पर्यंत जायला लागतं. बरेच जण म्हणतात जास्त शिजवलं म्हणून कडक झालं, खांद्याच्या बाबतीत उलट असतं, कमी शिजवलं म्हणून कडक. थर्मामीटर नसेल तर खांद्यात काटा खुपसून फिरवा, विनासायास फिरला म्हणजे झालं.

एक अजून, मधेच 65 ते 75 च्या दरम्यान आकडा अडून बसतो, अर्धा तास पाऊण तास हलतच नाही. घाबरू नका, ओटीजी बिघडलेला नाही. मटणाच्या अंगातनं पाणी उडून जातंय आणि त्यानं ते गार पडतंय, घाम सुकताना आपल्याला गार वाटतं तसंच. फॉइल नीट झाका आणि थांबा.

मग फळ कधी आणि कुठलं. माझी पद्धत सांगते. आदल्या रात्री मटण स्वच्छ फडक्यानं कोरडं पुसायचं, किलोला 15 ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे अडीच छोटे चमचे, सगळीकडनं चोळायचं. सुरीनं खोल चिरा पाडून त्यात ठेचलेला लसूण, मिरी आणि हर्ब्स तेलात किंवा डुकराच्याच चरबीत कालवून दाबून भरायचे, वर पसरायचे नाहीत, वरचे जळतात आणि कडू होतात. रात्रभर फ्रिजमध्ये तळाच्या कप्प्यात न झाकता ठेवायचं, बाकीच्या अन्नापासून लांब. घरच्या फ्रिजात डुकराचं मटण चालत नसेल, आपल्याकडं बऱ्याच घरात चालत नाही आणि त्या माणसांचा मान ठेवायलाच पाहिजे, तर सकाळी ताजं आणून दोन तास आधी मीठ लावलं तरी चालतं, थोडा फरक पडतो पण बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी ओटीजी दोन्ही रॉडवर 160 ला नीट तापू द्यायचा, उथळ ट्रे, ट्रेवर जाळी, जाळीवर मटण, सगळं खालच्या खाचेत. वर फॉइल सैल. दीड किलोला दोन सव्वादोन तास धरा. आत 80-85 दिसायला लागलं की बाहेर काढून ट्रेमधलं सगळं पातेल्यात ओतायचं, वर चरबी तरंगेल त्यातली दोन चमचे फळांना चोळायची. फळं आता, एक थर, एकमेकाला न चिकटता, जाळीच्या खाली ट्रेमध्ये. आणि 200 वर फॉइल काढून तीस पस्तीस मिनिटं. ह्यात फळं भाजतात, उकडत नाहीत, वरनं मटणाचा रस टिपटिपत त्यांच्यावर पडतो ते वेगळंच सुख. काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही, लगेच कापलं की सगळा रस पाटावर.

फळांमध्ये मला सगळ्यात भरवशाचा वाटतो पेरू, अर्धकच्चा, बिया काढून चार फोडी. घट्ट राहतो, आंबटगोड, आणि नाताळात भरपूर येतो. सफरचंदाला पंचवीस मिनिटंच पुरतात. संत्र्याच्या फोडी नकोत, पांढरी साल कडू उतरते, रस आटवून आणि वरची केशरी साल किसून घाला. अगदी पहिल्यापासून फळ पाहिजेच असं असेल तर सुकं घाला, बेदाणे, जर्दाळू, सुकं अंजीर, ह्यात पाणी कमी त्यामुळं मटणाची गुंडाळी करून आत भरता येतात, अथणी-तासगावकडचे बेदाणे असताना बाहेरचं काही शोधायला नको. गुंडाळी बांधायला सुती दोरा, सुतळीचा वास लागतो आणि नायलॉन वितळतं. मटणाखाली रताळ्याच्या जाड चकत्या लावून बघा, सुटलेली चरबी आणि रस पिऊन घेतात, ट्रे कोरडा राहतो, आणि आपल्या बेळगावची रताळी असताना बटाटा कशाला.

अननसाचं प्रकरण वेगळं आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते मांस तोडतं. रात्रभर अननसाच्या रसात ठेवलं तर वरचा थर लगदा होतो आणि आतलं तसंच चिवट, कारण ते आत खोलवर जातच नाही. कच्च्या पपईचं पण तसंच, बोकडाच्या छोट्या तुकड्यांना ठीक, दोन किलोच्या अख्ख्या तुकड्याला काही उपयोग नाही. अननस पाहिजे तर बोटभर जाड चकत्या आधी तव्यावर दोन्हीकडनं चांगल्या तापवून घ्या, उष्णतेनं ते एन्झाइम मरतं, मग शेवटच्या वीस मिनिटात लावा. डब्यातला अननस आधीच शिजलेला असतो त्याला ही भीती नाही, पण पाक काढून टाका.

व्हिनेगरबद्दल पण सांगते कारण गोव्याकडच्या पाहुण्यांचं बघून इथं खूप जण ओततात. सोरपोतेल, विंदालू रसात शिजतं तिथं व्हिनेगर पाहिजेच. रोस्टला रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवलं की वरचा थर भुसभुशीत होतो आणि ओला राहिल्यानं रंग धरत नाही. आंबट शेवटी ग्रेव्हीत घाला, चार आमसुलं टाकली तरी काम होतं.

रोझमेरी थाईम मिळालं नाही म्हणून कुणी अडू नये. बाटलीतलं सुकं चालतं, ताज्याच्या एक तृतीयांश घ्यायचं. नाहीतर कुंडीतली ओव्याची पानं बारीक चिरून लसणाबरोबर भरा, किंवा चिमूटभर ओवा कुटून घाला. थाईमचा जो वास असतो तो थायमॉलचा, तोच ओव्यात असतो, म्हणून ते मटणाला परकं वाटत नाही. जपून मात्र, ओवा जास्त झाला तर दुसरं काही लागतच नाही.

काकवीचं ग्लेझ, म्हणजे वरचा चकाकणारा गोड लेप करणाऱ्यांना एकच विनंती, ते शेवटच्या दहा मिनिटात लावा, त्याच्या आधी नाही. साखर रॉडखाली बघता बघता काळी होते. काकवी, थोडी मोहरीची पूड, आमसुलाचं पाणी, आटवून दाट करायचं आणि ब्रशनं फक्त मांसाच्या बाजूला लावायचं. कातडीला लावलं तर ती कुरकुरीत होणार नाही. कुरकुरीत कातडी पाहिजे का गोड चकाकी, दोन्हीतलं एका जागी एकच मिळतं. कातडी पाहिजे असेल तर आधी सुरी आडवी धरून मटणवाल्यानं केस जाळताना बसलेली काजळी आणि उरलेले केस खरवडून काढा, पांढरी पिवळसर कातडी दिसेपर्यंत, मग धारदार पात्यानं बोटभर अंतरावर चिरा, मांसापर्यंत जाऊ देऊ नका, उकळतं पाणी ओतून पुसून रात्रभर वाळू द्या, आणि शेवटी 220-230 वर वीस मिनिटं समोर उभं राहून बघत. गावठी जाड कातडीला आधी वीस पंचवीस मिनिटं मिठाच्या पाण्यात उकळून घेतलं तरच फुलते.

कुकरचं बरेच जण विचारतात. वेळ नसेल तर चालतं, थोड्या पाण्यावर, काटा विनासायास फिरेल इतकं मऊ होईपर्यंत शिजवा, वाफ आपोआप जाऊ द्या, मग कोरडं पुसून 200 वर अर्धा तास फळांबरोबर. रोस्टची पूर्ण चव येत नाही हे खरं पण मऊ नक्की होतं, आणि लाईटचा भरवसा नसलेल्या गावात हाच मार्ग शहाणपणाचा. कुकरमधलं पाणी टाकू नका, चरबी काढून आटवा, तीच तुमची ग्रेव्ही.

उरलेलं दोन तासाच्या आत फ्रिजमध्ये, फळं वेगळ्या डब्यात, नाहीतर रात्रीत मटण परत ओलं होतं. दुसऱ्या दिवशी पातळ काप करून तव्यावर त्याच्याच चरबीत परतून घ्या, ओटीजीत परत घातलं की कोरडं पडतं.